सह्याद्रीतल्या गाडीवाटा : शोधायच्या कुठे आणि कोणाबरोबर

२ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली. पुढच्या वर्षी नवी गुरखा आली, २०२३ च्या जूनमध्ये जिम्नी आणि २०२४ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पाच दारांची थार रॉक्स. थार नाशिकला बनते, गुरखा काढणाऱ्या फोर्स मोटर्सचं घर पुण्याजवळ आकुर्डीत आहे, जीप रँग्लरची जुळणी रांजणगावला होते. डोंगरात चालणाऱ्या गाड्यांच्या कारखानदारीचा इतका मोठा वाटा दुसऱ्या कुठल्या राज्यात क्वचितच असेल. शिवाय दाराशी सह्याद्री आहे. तरीही नवी गाडी घेतलेला माणूस महिनाभरात एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो: ही चालवायची कुठे, आणि कोणाबरोबर?

माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. महाराष्ट्रात गाडीवाटेची माहिती कुठल्याही कार्यालयाच्या कपाटात एका जागी मिळत नाही, ती माणसांकडे असते. वाट शोधायची म्हणजे ती कोणाची आहे हे शोधायचं, आणि ज्यांना ते माहीत आहे अशा लोकांत मिसळायचं. सोबती चांगले की वाईट, हेही त्यांना या मालकीची किती कदर आहे यावरूनच ठरतं.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न निदान कागदावर तरी सुटलेला दिसतो. अमेरिकेच्या वनखात्याला २००५ च्या नियमानुसार आपापल्या जंगलात मोटार नेण्याजोग्या वाटांचा अधिकृत नकाशा काढावा लागतो. जी वाट नकाशात नाही, ती बंद. इंग्लंडमध्ये सर्व वाहनांना खुल्या असलेल्या कच्च्या वाटांचा एक कायदेशीर वर्गच आहे. आपल्याकडे हौसेनं गाडी चालवायची वाट असा कुठलाही वर्ग कायद्यात नाही. ज्या वाटा आहेत त्या शेतात जाण्यासाठी, गुरं नेण्यासाठी, लाकूडफाटा आणण्यासाठी, पवनचक्कीची दुरुस्ती करण्यासाठी किंवा धरणाच्या भिंतीवर पहाऱ्यासाठी केलेल्या आहेत. आपण तिथे पाहुणे असतो.

शहरातून निघालेल्या माणसाला मावळात किंवा भोरकडे जाताना मोकळी जमीन दिसते. ती खरोखर मोकळी नसते. डोंगराच्या पायथ्याचं ओसाड रान सातबाऱ्यावर कोणाच्या तरी नावानं असतं. गायरान सरकारचं असलं तरी त्यावर गावाची गुरं जगतात. वर झाडी लागली की बहुधा राखीव वन सुरू होतं, आणि राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात तर प्रवेशावरच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ चं बंधन आहे, आणि पुण्या-मुंबईकरांना ओढ लावणारे कितीतरी भाग अभयारण्यातच येतात: भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, सुधागड, कोयना, आणि २०१३ पासून ताम्हिणीसुद्धा. धरणाच्या फुगवट्याची जमीन जलसंपदा खात्याची असते. मुळशीला ती टाटांची आहे, आणि त्या जमिनीसाठी शंभर वर्षांपूर्वी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. अहिल्यानगरजवळच्या माळावरची के. के. रेंज लष्कराच्या रणगाड्यांची आहे. तिथे न फुटलेला दारूगोळा मातीत असू शकतो, म्हणून त्या बाजूचा उजाड माळ कितीही खुणावत असला तरी तिकडे चाक वळवू नये.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, मग उरलं काय? बरंच उरतं. पाणंद रस्ते, शिवरस्ते, वाड्यावस्त्यांना जोडणारे कच्चे रस्ते, जुन्या घाटांच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या गाडीवाटा. गाव नकाशात या वाटा दाखवलेल्या असतात. एकेरी तुटक रेषा असेल तर पायमार्ग, दुहेरी तुटक रेषा असेल तर गाडीमार्ग. भूमी अभिलेख खात्याचा गाव नकाशा आता घरबसल्या पाहता येतो आणि गट क्रमांकावरून सातबाराही उघडतो. डोंगरातला रविवार ठरवण्यापूर्वी सातबारा पाहणारे लोक कमी आहेत. माझ्या मते या छंदातलं हे पहिलं कौशल्य आहे, क्लच सांभाळण्याच्याही आधीचं.

दुसरा आधार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांचा. पन्नास हजारास एक या प्रमाणाचे हे नकाशे २०१७ पासून विनामूल्य उतरवून घेता येतात. गाडीवाट, खेचरवाट आणि पाऊलवाट यांना त्यात वेगवेगळी चिन्हं आहेत, आणि समोच्च रेषा वीस मीटरच्या अंतरानं काढलेल्या असतात. दोन रेषा एकमेकींना चिकटल्या की चढ किती अंगावर येणार याचा अंदाज घरीच येतो. मात्र यातली बरीच पाहणी जुनी आहे. नकाशातली गाडीवाट आज डांबरी झालेली असते किंवा करवंदीच्या जाळीत बुजलेली. म्हणून त्यावर उपग्रहाची छायाचित्रं ठेवून बघायची. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं उघडता येतात आणि ही सोय फार मोलाची आहे. एखादी वाट २०१० च्या चित्रात ठळक असेल आणि अलीकडच्या चित्रात मधेच तुटलेली दिसत असेल, तर तिथे कुंपण पडलं आहे, दरड आली आहे किंवा जमीन विकली गेली आहे. पावसाळ्यानंतरच्या हिरव्या चित्रात वाट दिसत नाही, एप्रिल-मेच्या चित्रात ती पांढऱ्या दोरीसारखी उठून दिसते.

पण नकाशा सांगतो ते तिथपर्यंतच. गेल्या पावसात ओढ्यानं वाटेचा कुठला तुकडा खाल्ला, हे त्याला माहीत नसतं. ते माहीत असतं वडापच्या चालकाला. कोकणात आणि घाटमाथ्यावर कमांडर, मार्शल, ट्रॅक्स घेऊन माणसं, पोती आणि बाजाराची ओझी वाहणारे हे लोक आपल्या राज्यातले सर्वांत अनुभवी कच्च्या रस्त्याचे चालक आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या गाडीला पुढच्या चाकांची ताकद नसते. तरी ते कुठल्या वळणावर गाडी आतून घ्यायची आणि कुठे बाहेरून, हे चाकाला कळावं इतक्या सवयीनं करतात. त्यांच्या खालोखाल दुधाचा टेम्पोवाला, जेसीबीचा ऑपरेटर, मेंढरं घेऊन फिरणारा धनगर. वाडीवर गाडी थांबवून, इंजिन बंद करून, खाली उतरून विचारावं. “दादा, पुढं वाट हाय का?” “हाय की, पण वढ्यानं खाल्लीया. बैल जातुय, गाडी न्हाई जायची.” या एका उत्तरात जेवढी माहिती आहे, तेवढी कुठल्याही पडद्यावर मिळत नाही. काचेतून हात काढून विचारणाऱ्याला हे उत्तर मिळतंच असं नाही.

विचारण्याचा दुसराही उपयोग आहे. गावाला कळतं की कोण आलंय. पोलीस पाटील, सरपंच, वनरक्षक यांना आदल्या दिवशी फोन गेला असेल, तर अडकल्यावर ट्रॅक्टर मिळतो, मोबाईलला रेंज नसलेल्या खोऱ्यात कोणीतरी निरोप पोचवतं आणि उशीर झाला तर शोधायला निघणारं माणूस असतं. वाटाड्याला घेतलं तर त्याची दिवसाची मजुरी ठरवून द्यावी, जेवण गावातच सांगावं. हे उपकार म्हणून करायचं नाही. रस्ता त्यांचा आहे, आपण त्याची झीज करतो.

झीज हा शब्द मुद्दाम वापरला. भाताच्या खाचराचा बांध एका चाकानं दाबला गेला तर पहिल्या पावसात तिथून पाणी फुटतं आणि खालच्या तीन खाचरांची लावणी बिघडते. जूनमध्ये पाऊस पडला की शहरातल्या गाड्या डोंगराकडे धावतात. नेमकं तेव्हाच गावातलं सर्वांत नाजूक काम चालू असतं. माझं ठाम मत आहे की पावसाळा हा सह्याद्रीत वाटा शोधण्याचा काळ नव्हे. घाटातली दरड, फुगलेला ओढा, शेवाळलेला जांभा आणि गिलाव्यासारखी झालेली लाल माती, यांतलं एकही माणसाला दुसरी संधी देईलच असं नाही. २०२४ च्या जूनअखेर लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा पाण्याचा लोंढा काही क्षणांत वाढला होता. गाडीला पाण्यात जाण्याची क्षमता असते. नव्या थारची ती ६५० मिलिमीटर सांगितलेली आहे. पण हा आकडा उभ्या पाण्याचा आहे. वाहतं पाणी गुडघाभर असलं तरी गाडीला बाजूला ढकलतं, आणि तळाशी काय आहे ते गढूळ पाण्यात दिसत नाही. पुढे काठी घेऊन कोणी चालत जाऊ शकत नसेल, तर गाडी घालायची नाही, हा जुन्या जीपवाल्यांचा नियम अजून खरा आहे. भात निघाल्यावर, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, जमीन घट्ट असते, शेतं रिकामी असतात, वाट दिसते आणि गावाला बोलायला वेळ असतो. शोधायचं ते तेव्हा.

काही जमिनी अशा आहेत की तिथे परवानगी मिळाली तरी वाट सोडू नये. त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवं, कारण गाडीवाल्याला सर्वांत जास्त मोह याच जमिनींचा होतो.

कोकणातले सडे घ्या. जांभ्याचं सपाट, उघडं कातळ मैलोन्‌मैल पसरलेलं. दुरून पाहिलं तर इथे बिघडण्यासारखं काही नाही असंच वाटतं. पण याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांत उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, बारसू, कशेळी इथली शिल्पं आता बऱ्यापैकी माहीत झाली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण अजून न सापडलेली, मातीच्या पातळ थराखाली दडलेली शिल्पं किती असतील ते कोणालाच ठाऊक नाही. दीड-दोन टनांची गाडी कातळावरून फिरली, चाक घसरून खरडलं, तर आपण काय पुसलं हे आपल्याला कधीच कळणार नाही. त्याच सड्यावर पावसाळ्यात वीतभर खोलीच्या डबक्यांत काही आठवड्यांत उगवून, फुलून, बी धरून संपणाऱ्या वनस्पती असतात. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं, तिथे कुंपण आणि तिकीट आलं. पण कासच्या शेजारची, कोल्हापूरकडची, सिंधुदुर्गातली तशीच पठारं उघडीच आहेत.

साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्या देखभालीसाठी काढलेले लाल मातीचे रस्ते पाहून कोणाही गाडीवाल्याचे हात शिवशिवतील. हे रस्ते खाजगी आहेत, परवानगी घ्यावी लागते. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की या पठारावर निळ्या, काळ्या, नारिंगी गळपंख्याचा सरडा राहतो, सारडा सुपर्बा नावाचा, आणि शास्त्रानं त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली ती थेट २०१६ मध्ये. उन्हाळ्यात नर दगडावर चढून गळा फुलवतात. शंभर-दोनशे मीटर वाट सोडून टेकाड चढण्यात जी गंमत आहे, तिची किंमत हे दगड उलथण्यात मोजली जाते. पूर्वेकडच्या बारामती-इंदापूरच्या माळांचं तसंच आहे. टिटवी, धाविक, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि ती खड्यांत मिसळून जातात इतकी सारखी दिसतात. लांडगा आणि चिंकारा याच माळांवर आहेत. वनखात्यानं कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे ठरलेल्या मार्गांवर, स्थानिक वाटाड्यांसह गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. तिच्याकडे या लेखाच्या शेवटी परत येईन.

समुद्रकिनाऱ्याबद्दल थोडक्यात. गोव्यात पुळणीवर गाडी नेण्यास बंदी आहे, आणि महाराष्ट्रात दर हंगामात अलिबागपासून गुहागरपर्यंत भरतीत अडकलेल्या गाड्या ट्रॅक्टरनं ओढून काढाव्या लागतात. २०२४ च्या जूनमध्ये गुजरातेत मुंद्र्याला दोन थार अशाच समुद्रात अडकल्या आणि चालकांवर गुन्हा दाखल झाला. वेळास, आंजर्ले, मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपली. चाकोरीची खोल घळ पिल्लाला ओलांडता येत नाही. किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. धरणाच्या उन्हाळी गाळपेऱ्याचीही गोष्ट फसवी आहे. उजनी ओसरली की पळसदेवचं देऊळ दिसू लागतं, भाटघरच्या पाण्यातून कांबरेश्वर वर येतो, बुडालेल्या गावांचे जुने रस्ते उघडे पडतात. वरची माती भेगाळलेली, टणक दिसते आणि तिच्या वीतभर खाली ओला गाळ असतो. त्यात गाडी आसापर्यंत बसली की बाहेर काढायला अर्धा दिवस जातो.

आता माणसांकडे. महाराष्ट्रात या छंदाची मुळं हौशी मंडळांपेक्षा गॅरेजांत जास्त खोल आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे थ्री बी, मग एमएम ५४०, एमएम ५५० आल्या. १९८५ ला मारुती जिप्सी आली आणि तीन दशकांहून जास्त काळ टिकली. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जीप आणि जिप्सी पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सुटे भाग शोधत पुन्हा उभ्या राहिल्या. हे काम करणारे मिस्त्री अजून आहेत. एखादा वयस्क मिस्त्री ट्रान्सफर केसचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की गिअर, हे सांगतो. अशा गॅरेजच्या दाराशी शनिवारी दुपारी ज्या गाड्या उभ्या असतात, त्यांच्या मालकांशी बोललं की मंडळ सापडतं. नव्या माणसानं सोबती शोधायचे तर मी आजही हाच रस्ता सांगेन. तिथे कोण स्वतःच्या हातानं गाडीखाली जातं आणि कोण फक्त फोटो काढतं, हे लगेच दिसतं.

दुसरा रस्ता प्रशिक्षणाचा. महिंद्रानं इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षणाची अकादमी उभी केली. चढ, उतार, आडवा कल, खड्डे, चिखल हे अडथळे तिथे मुद्दाम बांधलेले आहेत आणि प्रशिक्षक बाजूला उभा राहून चाक कुठे ठेवायचं ते दाखवतो. लो रेंज कधी टाकायची, डिफरन्शियल लॉक कधी लावायचा आणि वळताना तो का काढायचा, उतारावर ब्रेकऐवजी इंजिनवर गाडी कशी सोडायची, या गोष्टी वाचून समजतात पण पायात उतरत नाहीत. गाडी घेतल्यावर मोठे टायर आणि विंच यांवर पैसे घालण्याआधी ते प्रशिक्षणावर घालावेत. बदल करताना कायदाही ध्यानात हवा. उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि लोखंडी बुलबारवर २०१७ पासून बंदी आहे. शिवाय आपली गाडी खरोखर चारही चाकांवर चालते का, याची खात्री करून घ्यावी. २०२३ च्या जानेवारीपासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही विकली जाते, आणि बाहेरून फरक पटकन कळत नाही.

तिसरा रस्ता स्पर्धांचा. मलेशियात १९९७ ला सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात भर पावसात भरू लागली. पंजाब-चंडीगडपासून केरळपर्यंतची मंडळं तिथे उतरली आणि चिखलातून गाडी काढण्याचं तंत्र आपल्याकडे कितीतरी पुढे गेलं. स्पर्धा बघायला जरूर जावं. एका विंचवर दोन माणसं एकमेकांकडे न बघता कशी काम करतात, ते पाहण्यासारखं असतं. पण स्पर्धा बंदिस्त जागेत, परवानग्या, रुग्णवाहिका आणि पंच यांच्यासह होते. तिथलं धाडस रविवारच्या वाटेवर आणणारे लोक गावाचं आणि स्वतःचं नुकसान करतात. गोव्यातच कुळ्याहून दूधसागरला जाणारे जीपवाले पाहावेत. परवानाधारक गाड्या, ठरलेली वाट, ओढ्यातून रोजची ये-जा आणि पावसाळ्यात बंद. त्यांच्याकडे धाडसाचा आव नसतो आणि त्यांची गाडी सहसा अडकत नाही.

चांगलं मंडळ ओळखायचं कसं? माझ्या कसोट्या साध्या आहेत. निघण्याआधी वाटेची रेकी झालेली असते का? गावातल्या कोणाला तरी ते नावानं ओळखतात का? एकट्या गाडीला डोंगरात जाऊ देतात का? देत असतील तर ते मंडळ नको, कारण दोन गाड्यांशिवाय निघायचं नाही हा या छंदाचा पाया आहे. आणि सर्वांत मोठी कसोटी म्हणजे गाडी अडकल्यावर काय होतं. वाईट मंडळात पाच जण एकदम ओरडतात आणि चालक जोरानं अॅक्सिलरेटर दाबतो. चांगल्या मंडळात एकच माणूस बोलतो, बाकीचे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरावर मागे सरतात. ओढण्याचा लवचीक पट्टा ताणला की त्यात प्रचंड ताकद साठते. तो ट्रेलर ओढायच्या गोळ्याला अडकवला आणि गोळा तुटला, तर तो गोळीच्या वेगानं सुटतो. जगात अनेकांचे जीव अशानं गेले आहेत. पट्टा फक्त चासीला बोल्ट केलेल्या, ओढण्यासाठीच असलेल्या हुकाला, योग्य वजनाच्या शॅकलनं लावायचा, विंचच्या तारेवर जाड चादर किंवा डॅम्पर टाकायचा आणि झाडाला तार न गुंडाळता रुंद पट्टा लावायचा, म्हणजे साल सोलली जात नाही. जे मंडळ नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतं, त्याच्याबरोबर जावं. टायरची हवा कमी करायला सांगणारं मंडळही शहाणं असतं. दगडधोंड्यांत आणि वाळूत हवा उतरवली की टायर जमिनीला धरतो, चाक कमी फिरतं आणि वाटेची खरडही कमी होते. परतताना भरायला पंप बरोबर हवा.

विम्याबद्दलही बोलायला हवं, कारण ते कोणी बोलत नाही. मोटारीच्या सर्वसाधारण पॉलिसीत शर्यत आणि वेगाची किंवा टिकाऊपणाची चाचणी यांना संरक्षण नसतं. इंजिनात पाणी शिरून झालेला बिघाड बहुधा वेगळं पूरक संरक्षण घेतल्याशिवाय भरून मिळत नाही. पॉलिसी काढून वाचावी.

मंडळांमध्ये एक वाद सतत असतो: सापडलेली वाट जगाला सांगायची की नाही. नवे लोक म्हणतात, गुप्त ठेवणं हा स्वार्थ आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण मीही अनेक गोष्टी दुसऱ्यांनी सांगितल्या म्हणूनच शिकलो. तरी मी वाटेचे अक्षांश-रेखांश सर्वांसाठी खुले टाकण्याच्या विरोधात आहे. एखाद्या धबधब्याची, पठाराची चित्रफीत पसरली की पुढच्या रविवारी तिथे पन्नास गाड्या येतात, आणि ज्या वाडीनं पहिल्या दोन गाड्यांना चहा दिला होता, तीच वाटेवर दगड रचते. दगड रचले गेलेल्या वाटा मी पाहिल्या आहेत. त्यांत गावकऱ्यांची चूक नव्हती. वाट सांगायची ती माणसाला, त्याच्याबरोबर एकदा जाऊन, गावात ओळख करून देऊन.

पण नव्या गाड्यांची संख्या थांबणार नाही, आणि ओळखीपाळखीवर इतक्या लोकांची सोय होणार नाही. त्यासाठी जागा मुद्दाम ठरवून द्याव्या लागतील. सर्वांत योग्य जागा मला वाटतात त्या बंद पडलेल्या दगडखाणी. पुण्याभोवती मोशी, वाघोलीसारख्या भागांत डोंगर कापून तयार झालेल्या खाणी आहेत. तिथे चढ आहेत, धोंडे आहेत, चिखल आहे, आणि जमिनीचं जे बिघडायचं ते आधीच बिघडलेलं आहे. पाण्यानं भरलेले खोल खड्डे कुंपणानं वेगळे केले, कडे पाहून घेतले, प्रवेश शुल्क ठेवलं, दोन प्रशिक्षित माणसं उभी केली, तर सरावाची गरज तिथेच भागेल आणि डोंगरावरचा ताण कमी होईल. खऱ्या वाटांसाठी कडबनवाडी-शिर्सुफळच्या सफारीचा नमुना समोर आहे: ठरलेला मार्ग, ठरलेली गाड्यांची संख्या, गावातला वाटाड्या, मिळकतीत गावाचा हिस्सा. तोच नमुना अभयारण्याबाहेरच्या दोन-चार गाडीवाटांना लावायला काय हरकत आहे? त्यासाठी मंडळांनी कंपनीकडे किंवा मंत्रालयाकडे न जाता ग्रामसभेत जावं. प्रस्तावात वाट कुठून कुठे, कुठले महिने बंद, दिवसाला किती गाड्या, दुरुस्तीसाठी किती रक्कम, हे लिहून द्यावं, आणि ठराव झाला तर पहिला पावसाळा संपल्यावर वाटेची डागडुजी स्वतः फावडी घेऊन करावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. त्या दिवशी गाडी वाडीबाहेर लावून चावडीवर जाऊन बसावं आणि आधी गावाचे प्रश्न ऐकून घ्यावेत.